एका रिमोटवर दोन गाड्या

दादा,

काल तुझी तेरवी झाली. माणसं जेवून गेली आणि जाताना जो तो बाबांना एकच गोष्ट सांगून गेला. "पोरगं सोन्यासारखं होतं. कधी बापाच्या शब्दाबाहेर गेलं नाई." मी आत बायकांच्या पंगतीत भाजी वाढत होते आणि दातओठ खात होते. एकानेही असं म्हटलं नाही की या पोराचा हात असा होता, पंधरा वर्षं अडगळीत मरून पडलेली गाडी त्याच्या हातात आली की पुन्हा पळायला लागायची. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी तू म्हणजे रोज सकाळी बोरगाव मेघेतून स्कूटरवर निघून वर्ध्याच्या बाजारात बाबांचं हार्डवेअरचं दुकान उघडणारा, नळाच्या तोट्या आणि कड्याकोयंडे विकणारा एक भला मुलगा. भला होतास, नाही कोण म्हणतंय. पण तुझ्याशी जन्मभर भांडत आलेली धाकटी बहीण मी, आणि तू गेलास म्हणून मी भांडण आवरतं घेणार नाही.

आपल्या लाल गाडीपासून सुरू करते, कारण तिथूनच सगळं सुरू झालं. मस्कतला नोकरीला असलेल्या मामांनी ती आणली तेव्हा आपण शाळेत होतो. नव्वदीची सुरुवात असेल. मागची चाकं मोठी, पुढची बारकी, आणि हातात धरायला लांब दांडीचा रिमोट. आपल्या गल्लीत तोवर लोकांनी टीव्हीचा रिमोटसुद्धा धड पाहिला नव्हता. तू ती गाडी चालवायचास कमी आणि उलटी करून तिच्या पोटात डोकावायचास जास्त. चालवायची मी. त्या गाडीने शेजारच्या देवकीकाकूंच्या कोंबड्यांना जो काही वैताग दिला त्याला तोड नाही.

मग तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे सगळी पोरं आपापले लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत घरोघर नेतात, बायका नंदीची पूजा करतात आणि पोरांच्या हातावर बोजारा म्हणून काहीतरी ठेवतात. त्या वर्षी तुझ्या डोक्यात आलं की आपला नंदी दोरीने ओढायचाच नाही. तू लाल गाडीची वरची टोपी काढलीस, तिच्या सांगाड्यावर नंदीला सुतळीने घट्ट बांधलंस, आईच्या जुन्या लुगड्याची झूल अशी पसरलीस की चाकं दिसेनात. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. मी मागे रिमोट ओढणीत लपवून चालत होते. नंदी आपला आपण चालला, दादा! बाकीची पोरं स्वतःच्या दोऱ्या टाकून आपल्या मागे आली. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तुला हसूसुद्धा येत नव्हतं इतका तू खूश होतास.

आणि मग देवकीकाकूंचं दार. त्या तांब्या आणि आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या, नंदी चालत त्यांच्या उंबऱ्याशी गेला तशा त्या गहिवरल्याच. "माय वं, साक्षात देव आला!" म्हणत त्यांनी जे आपल्याकडे प्रत्येक बाई नंदीला पाहून करते तेच केलं. तांब्याभर पाणी नंदीच्या पायांवर ओतलं. पाय कुठले, खाली गाडीचं पोट उघडं होतं. एकदा घुरघुरली आणि थांबली. काकूंना वाटलं देव पावला म्हणून स्थिर झाला. त्यांनी कुंकू लावलं आणि तुझ्या हातावर नेहमीपेक्षा जास्त बोजारा ठेवला. तू तो घेतलास, काकूंच्या पाया पडलास आणि नंदी उचलून घरी आणलास. काकूंना तू कधीच काही सांगितलं नाहीस. "तिनं भक्तीनं केलं वं, मंजे," एवढंच मला म्हणालास. मी तुला तेव्हाही मूर्ख म्हटलं होतं.

गाडी माळ्यावर गेली. पुढे तू वर्ध्यातच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलास, आणि निकाल लागायच्या आतच बाबांना हार्ट अटॅक आला. बाबा दवाखान्यातून घरी आले ते घाबरून आले, आणि घाबरलेली माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. जवळचं काय असेल ते घट्ट धरलं. तुला दुकानात बसवलं. "थोडे दिवस बस, मले बरं वाटेपर्यंत," असं म्हणाले होते. बरं त्यांना लवकरच वाटलं, रोज दुपारपर्यंत ते दुकानात येऊन बसायलाही लागले, पण ते थोडे दिवस काही संपले नाहीत. तू गल्ल्यावर बसायचास आणि तुझी नजर दुकानाच्या शटरच्या बाहेर असायची. मी कॉलेजमधून येता-जाता पाहायची. गिऱ्हाईक आलं की तू दचकायचास.

मी मात्र त्या दुकानात गेले की मला बरं वाटायचं. हे मी तुला कधी बोलले नाही, कारण तुझ्यापुढे ते बोलणं म्हणजे जखमेवर मीठ. पण मला तो लोखंडाचा आणि रंगाच्या डब्यांचा वास आवडायचा. कोणत्या गावाचा माणूस कोणत्या वेळी येतो, कोणाला माल आधी दाखवावा आणि भाव मागून सांगावा, हे मला बघून बघून कळायला लागलं होतं. बाबा म्हणायचे, "बाईमानसानं इथं जास्त येळ उभं राहू नये." मग मी घरी जायची. मग माझं लग्न झालं.

त्या लग्नाबद्दल इथे लिहीत नाही. तुला सगळं ठाऊक आहे. पण तू मला न्यायला माझ्या सासरी रोहण्याला आलास तो दिवस लिहिते. सासरच्या अंगणात सगळे बसले होते, कापूस भरलेली बैलगाडी दारात उभी होती, आणि तू स्कूटरवरून उतरून कोणालाही नमस्कार न करता सरळ मला म्हणालास, "चाल, मंजे." माझी सासू म्हणाली, "काऊन नेऊन राह्यले? काय झालं?" तू म्हणालास, "झालं नाई काही. पन आता काही होऊ बी द्याचं नाई." जन्मात इतकं ठणकावून तू दुसऱ्यांदा बोलला नाहीस. पुलगावपर्यंत मी रडत होते आणि पुढे वर्ध्यापर्यंत तू मला एक शब्द विचारला नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहूनच गेले. आता मानते.

घरी आल्यावर मी खोलीच्या बाहेर पडेना. पडले तरी गल्लीतल्या बायका अशा बघायच्या की माझ्या कपाळावर काही लिहिलंय. तू दोन-चार दिवस ते पाहिलंस आणि एका दुपारी माळ्यावरून ती लाल गाडी काढलीस, मला गच्चीवरच्या खोलीत बोलावलंस, माझ्या हातात पेचकस दिलास. "हे खोल. मले पाह्यचं हाये काकूचं पानी कुठं कुठं गेलतं."

ते काम तुझ्या नंदीच्या खटाटोपापेक्षा अवघड निघालं. सेलच्या जागी पत्र्यांवर हिरवा-पांढरा फुलोरा आला होता. तो आपण लिंबाच्या रसाने भिजवून, जुन्या टूथब्रशने घासून काढला. टायरचं रबर वाळून बाभळीच्या सालीसारखं भेगाळलं होतं. मोटरचे कार्बन झिजून गेले होते. एका गिअरचे दात तुटले होते, त्याच्या मापाचं चाक तुला आपल्याच जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये सापडलं. अँटेना म्हणून छत्रीची काडी. तू मला कलईची तार कशी धरायची ते शिकवलंस, माझी बोटं भाजली की ओरडायचास आणि लगेच फुंकर घालायचास. गाडी चालली त्या संध्याकाळी आपण ती घरामागच्या लेआऊटवर नेली. नुसते प्लॉट पाडलेले, मुरमाचे रस्ते, एकही घर नाही. गाडी त्या मोकळ्यातून धूळ उडवत गेली आणि मी कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसले. तू म्हणालास, "लांब नको जाऊ देऊ, रेंज संपन." मी म्हटलं, "संपू दे."

त्यानंतर तुला वेडच लागलं. नागपूरच्या रविवारच्या जुन्या बाजारातून मेलेल्या गाड्या पिशवीत भरून आणायचास. मग सायबर कॅफेत बसून कुठल्या कुठल्या लोकांना फोटो पाठवायला लागलास, आणि माणसं आपल्या लहानपणीच्या गाड्या घेऊन आपल्या दारात यायला लागली. अमरावतीचा एक डॉक्टर, हिंगणघाटचा एक मास्तर. टक्कल पडलेली माणसं लेआऊटवर उकिडवी बसून रिमोट धरायची आणि डोळे पुसायची. बाबांना वाटायचं तू पोरांची खेळणी दुरुस्त करतोस. आपणही तसंच वाटू दिलं.

तुझा एक नियम होता. आतलं सगळं नवं करायचं, पण वरचं कवच कधी रंगवायचं नाही. ओरखडा बुजवायचा नाही, फाटलेलं स्टिकर काढायचं नाही. मी म्हणायची, एवढी मेहनत करतो तर चकाचक करून दे ना. तू म्हणायचास, "त्याचे ओरखडे हायेत वं ते. मी कोन मिटवणारा?" यावर आपण किती भांडलो. मला तेव्हा ते फक्त रंगाबद्दलचं भांडण वाटायचं. आता वाटतं, जे जसं आहे ते तसंच ठेवायचं, ही तुझी सवय गाड्यांपुरती असती तर मला चाललं असतं.

कारण मग पुण्याचा तो दाढीवाला आला. त्याचं तिकडे रिमोटच्या गाड्या आणि विमानांचं मोठं दुकान, मागे वर्कशॉप. त्याची लहानपणीची पिवळी गाडी तू दुरुस्त केलीस ती न्यायला मुद्दाम वर्ध्याला आला, दिवसभर आपल्या गच्चीवरच्या खोलीत बसला, तुझ्या हाताकडे पाहत राहिला. आईने केलेली झुणका-भाकर दोनदा मागून खाल्ली. जाताना म्हणाला, "माझ्याकडे या. वर्कशॉप तुमच्या ताब्यात देतो. वर राहायला खोली आहे. कधी येताय तेवढं कळवा." तू त्याला स्टेशनवर सोडून आलास तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर मी तान्ह्या पोळ्याचा चेहरा पाहिला. हसू न येण्याइतका खूश.

म्हणून मीच विषय काढला. संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो. मी म्हटलं, "बाबा, दादाले पुन्याले बलावलं हाये, चांगलं काम हाये. दुकान मी पाहीन. मले सगळं येते."

बाबांनी घास खाली ठेवला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "आपल्या घरच्या बाया गल्ल्यावर बसत नाईत. अन् तू आधीच घरी येऊन बसली, आता बाजारात बशीन त लोक काय म्हनतीन?"

मी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या तोंडून फक्त एक शब्द यायचा होता. आई तव्यावरची भाकर विसरून तुझ्याकडे बघत होती. आणि तू ताटात बघत म्हणालास, "जाऊ द्या बाबा. मले कुठं जाचं हाये. ते असंच बोलून राह्यली."

असंच बोलून राह्यली! दादा, लग्न मोडून आले तेव्हासुद्धा मला इतकं लागलं नव्हतं.

जेवण तसंच टाकून मी गच्चीवर गेले, मागोमाग तू आलास. मी विचारलं, "खोटं काऊन बोलला?" तू बराच वेळ एका गाडीचा स्क्रू घट्ट करत राहिलास, तो आधीच घट्ट होता. मग म्हणालास, "मी गेलो त ते तुले दुकानात बसू देतीन का? दुकान विकतीन. अन् तुहं लगन लावून देतीन कोनाशी बी. मी हाये तोवर तुले कोनी हात लावत नाई."

म्हणजे तू माझ्यासाठी थांबला होतास.

मी तुला तिथेच सांगितलं होतं आणि आजही सांगते, मी ते मागितलं नव्हतं. तुला वाटलं तू माझ्यासाठी भिंत झालास. भिंतीच्या आतल्या माणसाला ती कशी दिसते हे तुला कळलं नाही. तू दुकानात अडकलास माझ्यामुळे, आणि मी घरात अडकले तुझ्यामुळे, आणि बाबांना दोघांनाही धरून ठेवायला काही करावंच लागलं नाही. मला दुकान हवं होतं, रे! खरोखर हवं होतं, तुझ्यावर उपकार म्हणून नाही. तुला नको होतं ते मला हवं होतं आणि मला हवं होतं त्यात तू रोज कुढत बसत होतास. असलं उलटं वाटप आपल्याच घरात होऊ शकतं. मी त्या दिवशी हे नीट सांगू शकले नाही कारण मी रडत होते, आणि तू माझं रडणं पाहिलंस, ऐकलं काहीच नाहीस.

दाढीवाल्याचे फोन काही महिने येत राहिले, मग थांबले. तुझ्यासाठी मुली पाहणं सुरू झालं. प्रत्येक मुलीत तू काहीतरी खोट काढायचास. देवळीच्या त्या मुलीला तर तू "तिचा आवाज लई बारीक हाये" म्हणून नाही म्हटलंस. आई कपाळाला हात लावून बसली. मला मात्र कारण ठाऊक होतं. एकदा लग्न झालं की पुण्याचं दार कायमचं बंद, आणि ते दार तू थोडं किलकिलं ठेवलं होतंस. मला तेवढ्याचीच आशा होती.

गेल्या उन्हाळ्यातला एक दिवस सांगते आणि मग थांबते. तुला नागपूरच्या बाजारात आपल्या लाल गाडीसारखीच दुसरी लाल गाडी मिळाली होती. तू ती दुरुस्त केलीस, गच्चीवर दोन्ही शेजारी ठेवल्यास आणि एक रिमोट चालू केलास. दोन्ही गाड्या एकदम पळाल्या. डावीकडे वळवलं की दोन्ही डावीकडे. दोघींची लहर, म्हणजे रिमोटची फ्रिक्वेन्सी, एकच निघाली. थांब म्हटलं की दोन्ही थांबायच्या. आपण वेड्यासारखे हसलो, तू तर पोट धरून खाली बसलास. तेवढ्यात बाबांनी खालून हाक मारली आणि आपण दोघंही एकदम "आलो" म्हणून उठलो. मग एकमेकांकडे पाहिलं. तेव्हा हसलो नाही.

आणि या पावसाळ्यात तुला ताप आला. साधा वाटला. डॉक्टरांनी रक्त तपासलं तोवर तो साधा राहिला नव्हता. हॉस्पिटलात मी तुझ्या उशाशी होते, बाबा व्हरांड्यात होते, आई देवापुढे. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस, आणि म्हणालास, "मंजे, बॅटरी चार्जरवर राह्यली. काढून ठेवजो, तापन." त्यानंतर तू काही बोलला नाहीस. मी घरी गेले तेव्हा आधी ती बॅटरी काढली. ती खरंच तापली होती. बहिणीला शेवटचं सांगायला तुला हेच सापडलं का, असं म्हणत मी ती हातात धरून खोलीभर फिरले. मला दुसरं काहीतरी हवं होतं. काय ते मला अजून सांगता येत नाही.

तू गेल्यापासून दुकान बंद आहे. बाबांना शटरसुद्धा उचलवत नाही. काल सगळे पाहुणे गेल्यावर ते जिना धरत धरत गच्चीवरच्या खोलीत आले. पहिल्यांदाच. फळीवर ओळीने गाड्या होत्या, प्रत्येकीला मालकाच्या नावाची चिठ्ठी. ते बघत राहिले. "हे सगळं त्यानं केलं?" मी म्हटलं, "हो." एक गाडी त्यांनी उचलून घेतली, चाक बोटाने फिरवलं, परत जागेवर ठेवली. मग एवढ्या लोकांच्या वस्तू परत करायच्या आहेत, त्यांना कळवलं का, असं विचारलं. मी म्हटलं, कळवते. मला त्यांची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदम येतं हे मी याच घरात शिकले.

आज सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "मंजे, उद्यापासून दुकान तूच उघडजो. मह्याच्यानं आता होत नाई. तुले येतेच सगळं."

इतकंच. कपातून वर पाहिलंसुद्धा नाही. घरच्या बायांचं काय, लोकांचं काय, काहीच आडवं आलं नाही. मी हो म्हटलं, कारण मला ते हवं होतं, आणि हो म्हणतानाच मला एक गोष्ट कळली. आई माझ्याकडे बघत होती. तिलाही तेच कळलं असावं.

दादा, दुकान त्यांना झेपेनासं झालं म्हणून ते तसं म्हणाले. त्यासाठी तुला मरावं लागत नव्हतं. तू फक्त पुण्याच्या गाडीत बसायला हवं होतंस, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हेच म्हटलं असतं.